पान उलटणारी मोटर

दादाला मी हात जोडून सांगितलं होतं, बाबा रे, त्या स्क्रूला हात लावू नकोस. पण ऐकेल तर तो दादा कसला! आयुष्यभर पाण्याचे पंप दुरुस्त केले म्हणजे जगातल्या सगळ्या मोटरी आपण कोळून प्यालोय, असं त्याला वाटतं.

ही मोटर मी आमच्या वडिलांसाठी बसवली होती. आजारपणात त्यांची उजवी बाजू गेली. त्या हाताला चटका कळत नाही, चिमटा कळत नाही. एका हाताने पुस्तक धरायचं की पान उलटायचं? म्हणून पलंगावरच्या फळीवर मी एक यंत्र केलं. डाव्या हाताने बटण दाबलं की मोटर जराशी फिरते आणि रबरी चाक पान सरकवतं.

मी प्रिंटर दुरुस्त करते, त्यामुळे असल्या मोटरी माझ्या ओळखीच्या. चार वायरी असतात, आणि रंगांवर मुळीच विश्वास ठेवायचा नाही. दोन टोकं एकमेकांना जोडून दांडा बोटांनी फिरवायचा; जड लागला की ती दोन टोकं एकाच गुंडाळीची, म्हणजे जोडी. मग करंट. तो मोटरला वीज देणाऱ्या ड्रायव्हरच्या, म्हणजे छोट्या सर्किटच्या, पट्टीवरचा एक इवलासा स्क्रू ठरवतो. मीटर लावून मी करंट मोटरवर लिहिलेल्या आकड्याच्या बराच खाली ठेवला होता. मोटर फार तर कोमट लागावी, कारण बाबांचा उजवा हात तिच्या शेजारीच असतो.

काल कामावरून आले तर खोलीत करपट वास. बाबा मजेत वाचत होते, पानं कशीबशी उलटत होती आणि उजवी बोटं मोटरला टेकलेली! मी आधी हात उचलला, मग प्लग काढला. चालू असताना मोटरच्या वायरी उपटल्या तर ड्रायव्हरही जळतो. बोटांवर फोड टरारून आले होते. माझं डोकंच फिरलं.

"अगं, पान अडकत होतं," दादा म्हणाला. "जोर कमी पडला, वाढवला. मोटर तापली तर काय आभाळ कोसळलं? आमचे पंप काय गार असतात?"

"पंपाला हात टेकून कोणी वाचत बसतं का रे, शहाण्या?"

चाक पाहिलं तर बाबांच्या मालिशच्या तेलाने बुळबुळीत झालेलं. रोग कुठे आणि औषध कुठे! चाक पुसलं, मीटर लावून स्क्रू जागेवर आणला. पान निमूट उलटलं. "बघितलंस?" मी दादाला म्हटलं.

"त्याला नको बोलूस," बाबा म्हणाले. "मीच वाढवायला सांगितलं. पान अडकलं की सूनबाईला हाक मारायची, तिने हातातलं काम टाकून यायचं. लाज वाटते गं."

"आणि वास आला तेव्हा? तेव्हा का नाही बोललात?"

"तू यंत्र काढून नेलं असतंस." ते फोडांकडे दुसऱ्या कुणाचे असावेत तसे बघत होते. "आणि हा हात आता माझा कुठे आहे?"

काय बोलावं या माणसाला!

"तुमचा नसेल तर नसू दे, माझा आहे!" मी ओरडले. "आणि माझ्या वस्तूची नासधूस मी खपवून घेणार नाही. दोघांनीही ऐकून ठेवा."