घटबाबाचं उरलेलं पाणी

शिवणकारखान्याचं आवार गच्च भरलं होतं. आत मशिनं बंद पडली होती, कापड सुयांखाली तसंच अडकून होतं, आणि सगळ्यांचे डोळे एका तिपाईवर खिळले होते. तिपाईवर लाल फडक्यात गुंडाळलेला, डब्यासारखा सरळ उभा मातीचा घट. तळाला बारीक भोक, तोंडातून वर आलेली तरंगती काडी, काडीच्या मधोमध पांढरी खूण. मागे घटबाबा डोळे अर्धवट मिटून बसले होते.

"पहिलं अर्धं पाणी स्वतःच्या वजनानं वाहतं," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "उरलेलं अर्धं मनाच्या वजनानं! मन स्वच्छ असेल तर सुळकन निघून जाईल. मनात चोरी असेल तर पाणी रेंगाळेल, पापाला धरून बसेल!"

गर्दीनं हात जोडले. कोपऱ्यात उभ्या असलेल्या गणिताच्या बाईंनी मात्र दातओठ खाल्ले.

काल याच तिपाईपुढे, इथेच शिवणकाम करणाऱ्या त्यांच्या धाकट्या बहिणीला बसवलं होतं. मालकाच्या आईची अंगठी हरवली होती आणि पोलिसांची कटकट नको म्हणून बाबांना बोलावणं गेलं होतं. संशय दोघांवरच होता. मालकाच्या मेव्हण्याचं पाणी भराभर गेलं. धाकटीचं रेंगाळलं. झालं! चोर म्हणून तिला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. तेव्हापासून ती जेवली नव्हती, रडलीही नव्हती. फक्त घडलं ते सगळं तिनं बहिणीला सांगितलं होतं. मेव्हण्यासाठी बाबांनी दुसरा घट झोळीतून काढला होता, हेही.

अंगठी काही सापडली नव्हती. म्हणून आज तिचा 'साथीदार' शोधायला पुन्हा घट मांडला होता.

बाई गर्दीतून वाट काढत पुढे झाल्या. "बाबा, मलाही एक चोर पकडून द्या."

"कोण तो, बाळ?"

"तुम्ही."

"बाई, जीभ आवरा!" मालक ओरडला.

"कर नाही त्याला डर कशाला? घट खरा असेल तर बाबांनीच पुढ्यात बसावं."

गर्दीला ते पटलं. फुकटचा तमाशा कोण सोडतो? बाबांचा हात हळूच झोळीकडे वळला.

"झोळीतला नको," बाई म्हणाल्या. "तिपाईवरचाच. ज्यानं माझ्या बहिणीला चोर ठरवलं तोच."

घट काठोकाठ भरला, तळाच्या भोकाचं बूच काढलं. कारखान्याचा हिशेबनीस एका लयीत टाळ्या वाजवत मोजू लागला, त्याच्याबरोबर सगळं आवार. चाळिसाव्या टाळीला पांढरी खूण काठाला टेकली, निम्मं पाणी गेलं.

"थांबू नका," बाईंनी मोठ्यानं सांगितलं. "उरलेल्याला आणखी सत्त्याण्णव टाळ्या लागतील. एखादी इकडेतिकडे."

"दैवी न्यायाचं भाकीत करतेस?" बाबा गरजले. हिशेबनिसानं पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.

अठ्ठ्याण्णवाव्या टाळीला धार तुटली.

"म्हणजे... बाबाच चोर?" मागून एक म्हातारी म्हणाली.

बाई हिशेबनिसाकडे वळल्या. तो त्यांचाच जुना विद्यार्थी. "टाकीच्या तळाला भोक. हे गणित तू परीक्षेत सोडवलं होतंस. पुरे मार्क घेतले होतेस."

"हो बाई. पाण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळावर ठरतो."

"मग काल हात कशाला जोडलेस?"

तो खाली बघत पुटपुटला, "ते पेपरातलं होतं, बाई."

त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं बाईंना फार वाटलं. त्यांनी राग गर्दीकडे वळवला. "घरच्या पिंपाचा नळ आठवा. पिंप भरलेलं असताना धार जोरात, तळाला आलं की करंगळीएवढी. पाणी उतरतं तसा दाब कमी होतो, दर क्षणाला वेग बदलतो. त्या सगळ्या बदलत्या क्षणांची बेरीज करायची, तिला इंटिग्रेशन म्हणतात. ती सांगते, सरळ भिंतीच्या भांड्यात खालच्या अर्ध्याला वरच्या अर्ध्याच्या जवळजवळ अडीचपट वेळ लागतो. चोर बसवा, साधू बसवा, नाहीतर कुणीच बसवू नका!"

"मग मेव्हण्याचं कसं काय भराभर गेलं?" मालकानं विचारलं.

उत्तर फाटकापाशी उभ्या असलेल्या धाकटीनं दिलं. ती तडक आली, झोळीतला घट उचलला आणि फरशीवर आपटला. बाहेरून तो पहिल्यासारखाच होता, पण आत मातीचे थर देऊन नरसाळ्यासारखा निमुळता केलेला. निम्म्या उंचीखाली पाणी मुळात उरत होतं ते ओंजळभर. ते जायला कितीसा वेळ लागणार?

"त्यानंच सांगितलं होतं मला!" बाबांनी मेव्हण्याकडे बोट दाखवलं. "अंगठी त्याच्याकडेच आहे!" मेव्हणा पळायच्या बेतात होता, शिलाईवाल्यांनी त्याची कॉलर धरली. बाबा बाईंच्या पायाशी आले. "ताई, पोटासाठी करतो हो. पोलीस नको."

"पोट माझ्या बहिणीलाही आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पोलिसांना फोन लावला.

मालक धाकटीला हळूच म्हणाला, "झालं गेलं विसर. उद्यापासून कामावर ये."

"काल जेवढ्या मोठ्यानं चोर म्हणालात, तेवढ्याच मोठ्यानं सांगा."

मालक काहीतरी पुटपुटला. "ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या. तो पुन्हा बोलला. "अजून नाही." शेवटी त्याचा आवाज फाटकाबाहेर रस्त्यावर गेला, आणि कालपासून कोरडी असलेली धाकटी तिथेच हमसून रडली. मालकाची ती खाली गेलेली मान बघून बाईंना फार बरं वाटलं, आणि त्याची त्यांना मुळीच लाज वाटली नाही.

तिला घेऊन निघताना त्या गर्दीसमोर थांबल्या.

"पाण्याला पाप कळत नाही, त्याला उंची कळते. काल तुमच्यातल्या एकानं जरी आधी, पुढ्यात कुणी बसलेलं नसताना, घट स्वतःच्या हातानं भरून बघितला असता, तरी माझी बहीण चोर ठरली नसती. पुढच्या वेळी हात जोडायच्या आधी त्याच हातांनी मोजून बघा."