वर्गणीदारांसमोर

कपडेपटातल्या मावशींनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली आणि बाईंकडे न बघताच सांगून टाकलं, की यंदा त्यांचं माप घ्यायचं नाही असा निरोप आहे. नायिकेचा झगा दुसऱ्याच अंगाला शिवायचा होता. बाईंना साधा काळा पोशाख पुरे, कारण येत्या हंगामात त्या पडद्याआडून गाणार होत्या.

बाई या ऑपेरा मंडळीच्या मुख्य गायिका. वय पन्नाशीपलीकडचं, अंगाने भरलेल्या. त्यांच्या नावावर वर्गणीदार वर्षभराच्या खुर्च्या धरून ठेवायचे. त्या तडक दिग्दर्शकांच्या खोलीत गेल्या.

दिग्दर्शक नवे होते, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी बाईंना बसवलं, समजावलं. जुने वर्गणीदार गळत चालले होते, तरुण मंडळी यायला हवी होती, आणि हंगामाच्या पहिल्याच ऑपेरात नायिका विशीतली. एक देखणी नटी नुसते ओठ हलवणार होती. गळा मात्र बाईंचाच. त्याला तोड नाही, हे ते मनापासून म्हणाले.

"गळा तेवढा काढून देता येत नाही हो," बाई म्हणाल्या. "सोबत मी येते."

रविवारी दुपारी वर्गणीदारांना बोलावून नव्या हंगामाची घोषणा व्हायची होती. बाई पडद्याआड उभ्या राहणार नसतील तर मागच्या वर्षीचं त्यांचंच ध्वनिमुद्रण लावू, असं दिग्दर्शकांनी शांतपणे सांगितलं.

बाईंचा नवरा त्याच मंडळीत क्लॅरिनेट वाजवायचा. घरी त्याने सगळं ऐकून घेतलं. उगाच ताणू नकोस, असं त्याचं म्हणणं पडलं; आडून का होईना, गाणं तर राहील. बाईंनी पाण्याचा ग्लास त्याच्यासमोर जरा जोरातच ठेवला आणि त्या आत निघून गेल्या.

रविवारी सभागृह भरलं. वादकांनी सुरुवातीचा तुकडा वाजवून वाद्यं मांडीवर घेतली. नटी दिव्याखाली आली, दिसायला खरोखरच सुरेख. कर्ण्यांतून बाईंचा आवाज निघाला आणि तिचे ओठ हलू लागले.

तिसऱ्या रांगेतून बाई उठल्या. अंगात रोजचा करडा स्वेटर होता. त्यांनी तिथूनच तेच गाणं उचललं. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले, माना वळल्या. नटी गडबडली, मग तिने ओठ मिटले आणि हात खाली सोडले. कुणीतरी ध्वनिमुद्रण बंद केलं.

आता बाई एकट्या उरल्या. आजचा आवाज मागच्या वर्षीपेक्षा जड होता, आणि सगळ्यात वरच्या सुराला तो फाटला. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. त्या बसल्या नाहीत. श्वास घेऊन त्यांनी पुढची ओळ धरली, पण सूर डगमगत होता.

तेवढ्यात रंगमंचापुढे बसलेल्या वादकांतून क्लॅरिनेट वाजू लागलं.

वाद्यवृंदाच्या संचालकांनी हात वर करून थांबायची खूण केली. आजवर त्यांच्या खुणेशिवाय एक फुंकरही न मारलेल्या त्या माणसाने डोळे मिटून घेतले आणि तो वाजवत राहिला. शेवटच्या ओळीपर्यंत दोघंच होती.

काहींनी टाळ्या वाजवल्या. काही उठून गेले.

दिग्दर्शकांनी बाईंना मागच्या दाराशी गाठलं.

"वरचा सूर फाटला तुमचा."

"हो, फाटला."

"पहिल्या प्रयोगातही फाटेल."

"फाटेलही. तेव्हासुद्धा मी समोरच असेन."

दिग्दर्शकांनी दार उघडून धरलं आणि बाई बाहेर पडल्या.

बाहेर पायऱ्यांवर नवरा वाद्याची पेटी काखेत धरून उभा होता.

"तूच म्हणाला होतास ना, ताणू नकोस म्हणून?" बाईंनी विचारलं.

"म्हणालो होतो." तो त्यांच्यासोबत चालू लागला. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "दुसरं कडवं जरा घाईत घेतलंस. उद्या सकाळी एकदा बसू या."