उजवीकडे बघणारी लेप

"इरम मॅडम, एकदम छोटंसं आहे," असं अनिल सर फोनवर म्हणाले, की इरम होडेकर आधी खुर्चीत नीट बसून घेई. बारा वर्षं चित्रं काढून तिच्या पदरात एवढी अक्कल पडली होती, की माणूस काम केवढं सांगतो आणि ते निघतं केवढं, यांचा उलटा हिशोब असतो. "जरा मोठा बदल आहे हं," म्हणणारा एका सदऱ्याचा रंग बदलून मागतो. "थोडंसंच," म्हणणारा दोन पानं नव्याने काढायला लावतो. "एकदम छोटंसं" मात्र फक्त अनिल सर म्हणत, आणि ते म्हणाले की त्या दिवशी घरातलं जेवण लांबे.

चित्रफळीच्या मागच्या अंगाला ती पेन्सिलीने एकेका दुरुस्तीची रेघ मारत असे. चार उभ्या, पाचवी आडवी. दिवाळीच्या तोंडावर तिथे सदतीस रेघा झाल्या होत्या.

पुस्तक चोवीस पानांचं. 'आमच्या दर्याची मासळी'. मारुती मंदिराच्या बाजूला एक बालवाचन प्रतिष्ठान आहे, त्यांना ते बालदिनाला जिल्ह्यातल्या शाळांमध्ये वाटायचं होतं. अनिल सर त्यांचे सचिव. स्वभावाने गरीब, बोलायला गोड, आणि स्वतःचं मत म्हणून खिशात काही न बाळगणारे. मतं सगळी अध्यक्षांची, म्हणजे हरिश्चंद्र गुरुजींची. गुरुजी माळकरी. जन्मात त्यांनी मासळीला बोट लावलेलं नव्हतं, त्यामुळे मासळीबद्दलची त्यांची मतं अगदी स्वच्छ होती.

बोंबील त्यांना उघडावाघडा वाटला. सुरमईचे दात बघून पहिलीतली पोरं घाबरतील, असं निघालं. मग बांगड्याची पाळी आली.

"गुरुजी म्हणतात, बांगडा जरा हसरा करता येईल का?"

"बांगडा हसत नाही, सर."

"हो, पण मुलांचं पुस्तक आहे ना."

"मेलेला आहे तो. मी समोर ठेवून काढलाय."

"तेच गुरुजी म्हणाले! म्हणाले, मेल्यासारखा दिसतोय."

इरमने एक रेघ मारली आणि बांगड्याच्या डोळ्यात एक पांढरा ठिपका वाढवला. गुरुजींना तो हसला असं वाटलं. बांगड्याला काय वाटलं ते विचारणारं कोणी नव्हतं.

अडचण अशी होती, की इरमला मासा आठवून काढता येत नसे. फोटोवरून काढलेला तिला पटत नसे. मासा पाण्याबाहेर आला की त्याचा रंग उडायला लागतो. बांगड्याच्या पाठीवरचा हिरवानिळा तर बघता बघता शिळा होतो. म्हणून तिचे अब्बा, मजीद तांडेल, पहाटे मिरकरवाड्याच्या जेटीवर जाऊन, नुकत्या लागलेल्या होडीतला मासा ओल्या गोणपाटात गुंडाळून स्कूटरवरून आणत. इरम तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडी, कारण सकाळचा चांगला उजेड त्याच खिडकीतून येई. आणि तिच्या मागे फातिमा, तिची अम्मा, विळी घेऊन उभी.

"झाला काय गो तुजा?"

"शेपटी राहिलीय, अम्मा."

"शेपटी कोण खातंय? वाटण कधीचं करून ठेवलंय. तुजं चित्र कुजत नाय, मासा कुजतो."

महिनाभर त्या घरात ताजी मासळी येत होती आणि शिळी होऊनच ताटात पडत होती. फातिमा प्रत्येक चित्राकडे आपल्या हातचं कालवण बिघडवणारी वस्तू म्हणून बघे, आणि इरमला ते मनातून मान्य होतं.

मजीदचं गणित निराळं. सुरुवातीला त्याने चित्रांकडे ढुंकून पाहिलं नाही. चाळीस वर्षं होडीवर, त्यातली बावीस तांडेल म्हणून, म्हणजे होडी कुठे न्यायची आणि जाळं कुठे टाकायचं ते ठरवणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा होडी गावातल्याच सदूला विकली. तेव्हापासून जेटीवर लोक त्याला अदबीने बसायला जागा देत, पण काही विचारत नसत. जागा मिळणं आणि विचारलं जाणं यांतला फरक ज्याला कळतो, त्याला ती अदब बोचते.

एक दिवस त्याने ओट्यावरच्या चित्रातल्या तांबोश्याच्या पाठीवरचे काटे बोटाने मोजले.

"एक कमी हाय."

इरमने माशाचे मोजले. खरंच एक कमी होता. त्या दिवसापासून प्रत्येक चित्र मजीदच्या नजरेखालून जाऊ लागलं. त्याचे शेरे दोनच. चुकलं तर, "हा कुठचा?" जमलं तर, "हं." बाविसाव्या माशाला बाविसावा 'हं' मिळाला, तेव्हा इरमने अनिल सरांकडून शेवटच्या पानावर एक ओळ मंजूर करून घेतली: 'मासळीची पारख – मजीद तांडेल'.

मजीद ते ऐकून जेटीवर निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या मिरकरवाड्याला ते ठाऊक होतं. सदूने त्याला म्हणे चहा पाजून विचारलं, "काय तांडेल, पुस्तकवाल्यांना माशातलं समजावताव होय?" हे मजीदने घरात तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा जणू सहज आठवलं म्हणून.

अडतिसावी दुरुस्ती आली ती या सगळ्याच्या वर.

"मॅडम, एकदम छोटंसं. गुरुजींच्या लक्षात आलं, की आपले सगळे मासे डावीकडे बघतायत."

"मग?"

"पुस्तक उजवीकडे पुढे जातं ना. डावीकडे म्हणजे मागे. मुलांना वाटेल, आपली मासळी मागे मागे चाललीय."

"चाललीच आहे, सर. जेटीवर विचारा."

अनिल सर हसले नाहीत. इरमने समजावलं, की उजव्या हाताच्या माणसाला डावीकडे तोंड केलेला मासा सोपा जातो, मासळीच्या जाडजूड ग्रंथांतही मासे डावीकडेच तोंड करून असतात. भिंतीला सांगितलं असतं तर निदान ओल आली असती.

"तुम्ही काहीच करू नका, मॅडम! पुण्याच्या मांडणीवाल्यांनी एका झटक्यात सगळे उलटवलेसुद्धा. आरशात दिसतात तसे. पाठवतो. फक्त ओके म्हणा."

पानं आली. इरमने पहिलंच पान उघडलं आणि तिचं डोकं फिरलं. माशाबरोबर कोपऱ्यातली तिची सहीही उलटली होती. तासभर तिने फोनवर सहीसाठी भांडण काढलं. बावीसच्या बावीस सह्या सरळ करून आल्या, तेव्हा तिने त्या एकेक करून तपासल्या, समाधानाचा श्वास सोडला आणि "ओके" लिहून टाकलं. चित्रकारांचा हा जुना रोग आहे. आपली सही सरळ दिसली, की बाकीचं पान सरळच दिसतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. कोल्हापूरच्या छापखान्यात चार वाजता पुस्तक यंत्रावर चढणार होतं. मजीद जुम्म्याच्या नमाजाहून आला, जेवला आणि टोपी न काढताच म्हणाला, "बघू, नाव खंय आलंय ते."

इरमने लॅपटॉप पुढे सरकवला. मजीद पहिल्या पानापासून निघाला, कारण थेट आपल्या नावावर जाणं त्याला बरं दिसलं नसतं. बांगडा, सौंदाळा, सुरमई. पंधराव्या पानावर तो थांबला. तिथे लेप होती. जिभेसारखा चपटा मासा, वाळूत एका कुशीवर पडून राहणारा, दोन्ही डोळे एकाच अंगाला.

मजीदने मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. मग लॅपटॉपच उचलून उलटा धरला.

"अब्बा! पडेल तो."

"ही कुठची?"

महिनाभरात इरमने हा शेरा पुष्कळदा ऐकला होता, पण 'हं' मिळालेल्या माशाला तो पहिल्यांदा येत होता.

"तुम्हीच आणलेली. फक्त उलटवलीय, तोंड उजवीकडे यावं म्हणून."

"बांगडा उलटव, सुरमई उलटव, चालंल. त्येंचे दोन्ही अंग सारखे. लेपेचे डोळे डाव्या अंगाला. आरशातली केलीस, तर ते उजव्या अंगाला जातात." त्याने पडद्यावर बोट टेकवलं. "कशीपण धरली तरी जमत नाय. हा मासा आपल्या दर्यात नाय गो बाय."

खरी लेप ओट्यावर मांडून इरमनेच काढली होती. बावीस सह्या तपासल्या, आणि एक मासा तपासला नाही.

मजीदने पान पुढे ढकललं नाही. सावकाश म्हणाला, "सदू आधी हेच पान उघडील. मग खाली नाव वाचील." टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली. "नाव काढून टाक म्हणावं माजं."

पावणेतीन झाले होते. इरमने अनिल सरांना फोन लावला.

"मॅडम, आता? मुलांना काय कळणार आहे?"

"मिरकरवाड्यातल्या पोरांना बाकी काही कळत नसेल, सर, एवढं कळतं."

"मग असं करू, लेप तेवढी डावीकडे ठेवू... पण नको, गुरुजी म्हणतील एकवीस पुढे चाललेत आणि एक मागे. लेपच काढून टाकू या का? त्या जागी एखादा डॉल्फिन—"

"सर, फोन ठेवते. दहा मिनिटांत करते."

काय करणार, ते तिला मुळीच माहीत नव्हतं. नवी लेप आणून रंगवायला वेळ नव्हता. मूळ चित्राचा कागद तिने फळीवर आणून टाकला: डावीकडे तोंड, सगळं बिनचूक, गुरुजींना नामंजूर. तिला सगळ्यांचा एकत्र राग आला: प्रगतीच्या दिशेचा, पुण्याच्या झटक्याचा, आणि सगळ्यात जास्त त्या सरळ दिसणाऱ्या सहीचा.

"उजवीकडेच बघायला हवी त्यांना?" मजीदने विचारलं.

"हो."

त्याने कागदावर तर्जनी टेकवली आणि कागद जागच्या जागी गर्रकन फिरवला. शेपटीच्या जागी तोंड आलं, तोंडाच्या जागी शेपटी.

"आता बघतेय."

"अब्बा, पण आता ती उपडी—"

"ही वाळूत पडून असते. आपण वरून बघतोय. तिला कसलं वर आणि कसलं खाली?"

इरम बघत राहिली. लेप उजवीकडे तोंड करून निवांत पडली होती. डोळे डाव्या अंगालाच. फक्त सही पुन्हा उलटी झाली होती. या वेळी तिने ती सरळ कापून टाकली. माशाखालची सावली आता वर आली होती, ती पुसली आणि भोवती वाळूचे कण टाकले. सव्वातीनला पान पाठवलं.

"विळी आणू काय?" फातिमाने दारातून विचारलं. "का ही पण कागदाचीच?"

साडेतीनला अनिल सरांचा आवाजात बोललेला निरोप आला. "मॅडम, लेप गुरुजींना फारच आवडली! म्हणाले, हिच्यात प्रगती दिसते. एकदम छोटंसं आहे. तिचे दोन्ही डोळे एकाच बाजूला आलेत ना, त्यातला एक पलीकडे घेता येईल का?"

इरमने पेन्सिल उचलली, रेघ मारायला फळी पालथी केली, आणि तिथेच हात थांबला. आता काय लिहावं आणि कोणाला? तेवढ्यात मजीदने फोन तिच्या हातातून काढून घेतला. बोलायचं बटण कुठलं ते त्याला माहीत होतं. जेटीवरच्या बारा जणांना तो रोज असेच निरोप धाडत असे.

"अनिलभाऊ, सलाम. मी मजीद तांडेल. सकाळी सहाला मिरकरवाड्यावर या. जिती लेप तुमच्या हातात देतो. गुरुजींना पण आणा. तिचा डोळा तुम्ही दोघांनी पलीकडे नेऊन दाखवा. नेलात, तर तसा छापा, आणि खाली माझ्या नावाऐवजी तुमची नावं टाका."

त्याने बोट उचललं. निरोप गेला. दोन निळ्या खुणा आल्या. अनिल सर लिहू लागले, थांबले, पुन्हा लिहू लागले. गुरुजींचं मत मागवायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ गेला.

चारला दहा कमी असताना उत्तर आलं: "तसंच राहू दे. छपाई सुरू करतोय."

बारा वर्षांत परत फिरलेली ही पहिली दुरुस्ती. इरमने फळीमागची एकोणचाळिसावी रेघ मारलीच नाही. तिला वाटलं होतं हसू येईल. आला तो नुसता शीण. ती डोळे मिटून बसली.

मजीद मात्र आता मोकळ्या मनाने शेवटच्या पानावर पोचला होता. आपलं नाव त्याने वाचलं. मग एकदा अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं. मग घसा साफ केला.

"इरम."

"हं."

"माजं नाव बोंबलाच्या खाली आलंय."

"तिथे जागा होती, अब्बा."

"नाय, तसं बरं हाय." त्याने गुडघ्यावरची टोपी झटकली. "छापायला लागले असतील काय गो? म्हणजे, मोठं काय नाय. सुरमईच्या खाली घेता आलं असतं, तर..."

इरमने डोळे न उघडताच हात लांब केला आणि लॅपटॉप मिटला.