घासलेली बाटली

अमरावतीत राजापेठेतल्या प्रयोगशाळेत भावना ज्या यंत्रावर काम करायची, त्यात केसाहून बारीक काचनळ्यांची जुडी बसवलेली होती. एकाच लांब नळीतून मिश्रणातले पदार्थ वेगळे व्हायला तासभर जायचा. इथे शेकडो नळ्या एकदम कामाला लागायच्या आणि मिश्रणात कोणतं विष आहे, ते पाच-सात मिनिटांत कागदावर उमटायचं. आज मात्र तिला तेवढाही धीर नव्हता. तिचे बाबा, किसनराव, तेल्हाऱ्याकडे दुसऱ्याच्या शेतातल्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करताना कोसळले होते. अकोल्याच्या दवाखान्यात नेहमीचा उतारा लागू पडेना. विषाचं नाव कळलं तर काही करता येईल, असं डॉक्टर फोनवर म्हणाले होते.

फवारणीच्या बाटलीवर चिठ्ठीच नव्हती. म्हणून आई, पंचफुला, ती बाटली घेऊन एसटीने अमरावतीला आली. पिशवीतून काढून तिने पुढे केली, तर बाटली लखलखीत.

"माय, धुतली कावून?"

"तुह्या हापिसात एवढी घान कशी आनू? चार लोकं पाहतीन. राखेनं घासली, गरम पान्यानं इसळली."

भावनाने बाटली उजेडापुढे धरली. लेक शिकली याचा या बाईला केवढा अभिमान, आणि त्यानेच घात केला. चिडावं तरी कोणावर? जशी आहे तशी आण, एवढं सांगायचं तिलाच कुठे सुचलं होतं.

बाटलीत काही सापडलं नाही. बाबांचा सदरा विचारला, तर तोही धुतलेला. मग तिने बाटली घासलेले आईचे हात ओढून घेतले, नखांखालून ओला कापूस फिरवला आणि त्याचा अर्क यंत्रात सोडला. कागदावरची रेघ आधी सरळच चालली. मग ती वर उठली. पुन्हा एकदा उठली. एक नव्हे, दोन विषं मिसळलेली होती. भावनाने घाईघाईने फोन लावून दोन्ही नावं सांगितली.

डॉक्टर म्हणाले, "ताई, आत्ताच गेले ते."

पंचफुलाला सांगावं लागलं नाही. लेकीचं तोंड बघूनच तिला कळलं. तिने हळूच विचारलं, "म्या धुतली म्हनून झालं का व?"

"नाही व माय," भावना म्हणाली. "मशीनच बिगडली होती."