घरचं पोतं

रेणूने वडिलांच्या राईस मिलसाठी डिस्क नसलेला कॉम्प्युटर बनवला होता. चालू होताना तो सर्व्हरवरून सिस्टीम मागवायचा आणि तिच्यावरची डिजिटल सही तपासूनच पुढे सरकायचा. आज मात्र तो अडून बसला. सिस्टीमच्या नव्या फाइलवर सही करायला रेणूच विसरली होती.

"घरच्याच सर्व्हरवर कायले शक?" बाबूजींचं डोकं फिरलं. "चालू कर ना तसाच."

तेवढ्यात त्यांच्याच वावरातली धानाची पोती आली. बाबूजींनी सवयीने पहिल्याच पोत्यात परखी खुपसली. लोखंडी नळीतून चार दाणे तळहातावर उतरले. एक चावून त्यांनी थुंकला. ओला होता. पोतं बाजूला काढायला सांगितलं.

मग रेणूकडे न बघताच म्हणाले, "कर सही. थांबून राहिलो मी."