म्युनिकचं एकच तिकीट

आरं ऐका तर, म्युनिकला ऑलिंपिकच्या कुस्त्या बघायला कोल्हारच्या आमच्या तालमीतून एकालाच धाडायचं हुतं. गहिनीनाथ अन् सहादेव, दोघा पैलवानांचे पासपोर्ट तयार, पन तिकीट एकच. वस्ताद म्हनले, जो कुस्ती मारील तो जाईल. गहिनीनाथनं सहादेवाला खाली घेतलं अन् हात असा पिळला की हाड मोडल्याचा आवाज मला कडंला ऐकू आला. तरी सहादेव चीत हुईना. त्यानं गहिनीनाथच्या कानाला दात लावले अन् तुकडा तोडून मातीत थुकला. मंग गहिनीनाथनं त्याचं डोकं धरून आपटलं अन् पाठ टेकवली. वस्तादांनी गहिनीनाथचा पासपोर्ट उघडला. म्हनले, "गड्या, फोटूत तर तुला दोन कान हायेत. सायेब इमानात बसू देईल का?" गहिनीनाथ रगत पुसत म्हनला, "फेटा बांधून जातो, वस्ताद."