शहाण्या बाईने शहरात कसं जावं

थोकोझिले ग्वालाने आधी खिडकीच्या गजांतून रस्ता न्याहाळला. मग आतल्या दाराला कुलूप घातलं, मग लोखंडी जाळीला, मग फाटकाला. तिन्ही कुलपं ओढून पाहिली आणि चार पावलं गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढून पाहिली.

"आत्या, आपण बाजारात चाललोय की देश सोडून?" तिची भाची स्लिंडिले रस्त्यात उभी राहून म्हणाली.

"हस, हस. ज्यांची ज्यांची घरं साफ झाली ना, ती सगळी आदल्या दिवशी हसतच होती."

डरबनचा फेब्रुवारी म्हणजे बसल्या जागी घामाच्या धारा, आणि आमच्या थोकोबाईंनी जाड लोकरीचा स्वेटर चढवला होता. का, तर स्वेटरच्या आत पोटावर खरी पर्स बांधलेली होती. फोन त्याहून आत, कुणाच्या बापाला सापडणार नाही अशा जागी. हातात मिरवायला दुसरी पर्स, तिच्यात एक मोडका कंगवा आणि चुरगाळलेला कागद. ही चोराला द्यायची पर्स. चोर आलाच तर त्याला रिकाम्या हाताने पाठवायला नको, एवढी माणुसकी बाईंकडे होती.

"आता नीट ऐक," डरबनच्या कडेला असलेल्या उम्लाझी वस्तीच्या चढावर धापा टाकत थोको म्हणाली. "रस्त्यात फोन काढायचा नाही. कुणी वेळ विचारली तर घड्याळ नाही म्हणायचं."

"हातात दिसत असलं तरी?"

"तरी! कुणी म्हणालं बाई, तुमचं काहीतरी पडलं, तर खाली बघायचं नाही."

"आणि खरंच पडलं असेल तर?"

"पडू दे! टॅक्सीत खिडकीशी बसायचं नाही, सिग्नलला बाहेरून हात आत येतो. दाराशी बसायचं नाही, ओढून काढतात. पुढे बसायचं नाही, ड्रायव्हर गोड बोलतो."

"मग बसायचं कुठे?"

"घरी!" थोको म्हणाली.

आणि खरं दुखणं तेच होतं. स्लिंडिले गावाकडून शिकायला म्हणून आत्याकडे आली होती. शिक्षण झालं, शहरातल्या एका दवाखान्यात नावं नोंदवायच्या खिडकीवर नोकरी लागली. सोमवारपासून कामावर जायचं. नोकरी लागली ते ठीक, पण पोरीने आता शहरातच मैत्रिणीबरोबर खोली घ्यायचं काढलं होतं. घरमालकिणीला आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं, आणि पोरगी आज निघाली होती त्या खोलीसाठी भांडी नि ब्लँकेट घ्यायला. थोकोने आदळआपट केली नाही. ती फक्त म्हणाली, मीही येते. तिचा हिशेब साधा होता. एक दिवस माझ्याबरोबर शहरात फिरली, की खोलीचं खूळ पोरीच्या डोक्यातून आपोआप उतरेल आणि ती माझ्याकडेच राहील.

पण मोठ्या रस्त्याला लागेपर्यंतच दोघींची जुंपली.

"त्या नोसिसाचे आईबाप कोण? करतात काय?" थोकोने विचारलं. नोसिसा म्हणजे ती मैत्रीण.

"दोन वर्षं माझ्या बाकावर बसलीय ती, आत्या. आपल्या घरी येऊन जेवून गेलीय."

"म्हणूनच विचारते! फार बारकाईने घर बघत होती. माझी नवी इस्त्री कुठे ठेवते तेसुद्धा विचारलं तिने."

"तिला तुझे कपडे इस्त्री करून द्यायचे होते!"

"कशाला? कोण कुणाचे कपडे फुकट इस्त्री करतं गं?"

स्लिंडिलेने डोळे मिटले. "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. तुला जगात एकसुद्धा माणूस बरा दिसत नाही."

"मी हे केस उन्हात पांढरे नाही केले!" थोकोचा पारा चढला. ती रस्त्याच्या कडेला पाय रोवून उभी राहिली आणि तिने तर्जनी उगारली. "एक गोष्ट लक्षात ठेव, स्लिंडिले! एक गोष्ट!"

आता उम्लाझीत रस्त्याच्या कडेला उभं राहून बोट आभाळाकडे केलं की त्याचा एकच अर्थ होतो: मला शहरात जायचंय. पोरासोरांनासुद्धा ठाऊक आहे. पण रागात माणसाला बोटाचं भान कुठलं! खिडक्या थडथडवणारं गाणं वाजवत एक पांढरी टॅक्सी, म्हणजे सोळा जणांची व्हॅन, वळणावरून आली आणि थोकोच्या पुढ्यात कच्चकन थांबली. सरकतं दार उघडलं. आत पंधरा जण दाटीवाटीने बसलेले.

"एकच जागा आहे! कोण येतंय, लवकर बोला!" टॅक्सीचा पोऱ्या ओरडला.

"कोणी नाही! जा तू!" थोको म्हणाली, पण बोट अजून वरच होतं.

स्लिंडिलेने आत्याकडे पाहिलं, बोटाकडे पाहिलं आणि टुणकन आत चढली. "संध्याकाळी येते, आत्या. तू घरी जा." दार सरकलं. टॅक्सी गेलीसुद्धा.

थोकोच्या तोंडचं पाणी पळालं. आता घरी जावं हे बरं, असं कुणीही म्हणेल. पण घरी गेली तर पोरगी एकटी शहरात जाणार, एकटी बाजार करणार, एकटी परत येणार, आणि मग तिला घरात ठेवायला कसली भीती घालायची? आणि खरंच काही झालं तर? दोन्ही विचार एकदमच आले, आणि त्यातल्या कुठल्या विचाराने तिने घराकडे पाठ फिरवली ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

दुसरी टॅक्सी आली तेव्हा तिने बोट वर केलं. मग खाली घेतलं, मग पुन्हा वर केलं. कारण जी गोष्ट तिने कुणालाच कधी सांगितली नव्हती ती ही, की कितीतरी वर्षांत ती एकटी शहरात गेलेलीच नव्हती. पूर्वी एकदा पादचारी पुलावर तिची पर्स कुणीतरी हिसकली होती. त्या वेळी एकच पोरगा होता आणि तो पळाला होता. पण सांगता सांगता त्याचे तीन झाले, मग सुरा आला, आणि अलीकडे पिस्तूलही आलं होतं. बाकीचं शहर तिला रेडिओवरून, अंत्यविधीला जमलेल्या बायकांकडून आणि फोनवर येणाऱ्या भयंकर निरोपांतून कळायचं.

पोरगी जिथे जाणार होती त्या वॉरविकच्या बाजारात उतरली तेव्हा तिने एका हाताने पोटावरची पर्स दाबून धरली. उड्डाणपुलाखाली माणसांचा नुसता महापूर. भाजलेल्या कणसांचा धूर, औषधी मुळ्या-सालींचा उग्र वास, चटयांचे ढीग, मण्यांचे हार, आणि प्रत्येक माणूस आपल्याकडेच बघतोय असा तिला भास. पण नशीब म्हणा, पोरीचा पिवळा झगा लांबूनच दिसला. स्लिंडिले भांड्यांच्या गाड्यावर एक पातेलं उलटंपालटं करून बघत होती, मजेत हसत होती, आणि कहर म्हणजे तिच्या हातात फोन होता! उघडा! भर बाजारात!

"मेली!" थोको पुटपुटली आणि चटयांच्या ढिगामागे दडली.

हाक मारावी असं तिच्या मनात आलं होतं. पण हाक मारली तर काय होणार? पोरगी म्हणणार, बघ, मी धडधाकट आहे. त्यापेक्षा थोडं मागे राहावं. काहीतरी होईलच. झालं की आपण धावून जायचं.

पातेलं घेतलं, किटली घेतली, ब्लँकेटं घेतली. मग एक हातगाडीवाला आला, काटकुळा, टोपी डोळ्यांवर ओढलेला. त्याने सगळं सामान गाडीवर रचलं आणि निघाला, आणि स्लिंडिले त्याच्या मागून निघाली. हाच तो! थोकोला आता खात्रीच पटली. टोपी डोळ्यांवर ओढणारा माणूस सरळ असूच शकत नाही. तो मुख्य वाट सोडून पुलाच्या खांबांमागच्या बोळात वळला, तशी तिने पावलं उचलली. बोळात फक्त सावली होती. गाडी ढकलणाऱ्याला ऊन लागतं एवढंच कारण, पण ते थोकोला सुचायचं नाही.

ती खांबामागून खांबामागे सरकत राहिली. पोरगी थांबली की थांबायची, पोरगी वळली की पाठ करून कोबीचे गड्डे चाचपायची. स्वेटरखाली पर्स निसटत होती म्हणून एक हात सतत पोटाशी. घामाने चेहरा निथळत होता आणि डोळे चौफेर फिरत होते.

बाजाराला डोळे असतात. मा-झिमू नावाची एक मण्यांवाली, जन्म त्याच खांबाशी गेलेला, मघापासून हे बघत होती. स्लिंडिले तिच्यापाशी हार बघायला थांबली, तेव्हा मण्यांवाली मान वर न करता म्हणाली, "पोरी, मागे वळू नकोस. एक बाई मघापासून तुझ्या मागावर आहे. या उकाड्यात अंगात स्वेटर आहे आणि आत काहीतरी लपवलंय. तू माझ्या मागे येऊन उभी राहा." आणि तिने हातगाडीवाल्याला नुसती भुवई उडवून खूण केली.

थोकोला कळलं तेव्हा उशीर झाला होता. टोपीवाला तिच्या मागून आला आणि त्याने तिचं मनगट घट्ट धरलं.

"चोर! चोर! धरा याला!" थोको किंचाळली.

"चोर मी? वा गं वा!" तो म्हणाला. "आणि स्वेटरमध्ये काय आहे? पाव भाजतेस?"

माणसं भराभर जमली. पेरूवाली आली, चटईवाला आला. "काढ बाहेर, काय ते!" कुणीतरी ओरडलं. थोकोने हातातली दुसरी पर्स पुढे केली, "ही घ्या, घ्या, पण मला सोडा," आणि मा-झिमूने ती उघडली. मोडका कंगवा पाहून गर्दीचा संशय आणखीच वाढला.

"काकू, सोडा तिला," मागून आवाज आला. "माझी आत्या आहे ती."

गर्दी बाजूला सरली. स्लिंडिले पुढे आली. तिचा चेहरा भीतीने उतरला होता आणि ओठ थरथरत होते. हातगाडीवाल्याने मनगट सोडलं, टोपी काढली आणि म्हणाला, "माफ करा, मावशी. पण तुम्हीच सांगा, काय समजायचं माणसाने?" थोकोने मनगट चोळत स्वेटर खाली ओढला.

मा-झिमूने बसायला आपला खोका दिला, प्यायला थंडगार आल्याचं सरबत दिलं. थोकोने सवयीने ते आधी हुंगलं आणि मग स्वतःचीच लाज वाटून घटाघटा प्यायली.

"मी सकाळपासून एकटी फिरतेय, आत्या," स्लिंडिले तिच्यासमोर उकिडवी बसली. "सगळे नीट बोलले. मी वाट चुकले तर एकाने चौकापर्यंत आणून सोडलं. एकदाही भीती वाटली नाही. मग या काकू म्हणाल्या, कुणीतरी मागावर आहे. आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. आणि ती तू होतीस."

थोकोच्या जिभेवर पन्नास गोष्टी आल्या. नशीब समज तुझं, दर वेळी असं होत नाही, तो टोपीवाला बघ अजून कसा बघतोय. पण पोरीचे ओठ अजून थरथरत होते, आणि त्यातली एकही गोष्ट तोंडातून बाहेर पडेना.

"तू गेलीस की घर खायला उठेल गं मला," ती म्हणाली.

स्लिंडिले तिच्याकडे बघतच राहिली. "मग हे बोलायचं होतंस ना! चोर कशाला मध्ये आणलेस?"

"आता बोलते. राहशील?"

पोरीने हातगाडीवरच्या पातेल्याकडे पाहिलं. मग आत्याचा घामट हात दोन्ही हातांत घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ठाम होता. "नाही, आत्या. मी घरमालकिणीला मघाशीच हो कळवलंय. दर रविवारी येईन."

तिने थोकोला टॅक्सीत बसवून दिलं, ड्रायव्हरला दोनदा बजावलं की या बाईंना घराजवळच्या चर्चच्या वळणावरच उतरवा, आणि दार सरकेपर्यंत हात हलवत उभी राहिली. जागा खिडकीशी मिळाली होती. थोकोने काच खाली केली नाही की वर केली नाही. स्वेटर मात्र काढून मांडीवर ठेवला, कारण आता खरंच सोसवत नव्हतं.

पुढच्या थांब्यावर एक तरुण बाई चढू लागली. दोन्ही हातांत पिशव्या, कडेवर तान्हं मूल, डोक्यावर गाठोडं. तिने पिशव्या खाली टेकवल्या, आत डोकावून पाहिलं आणि सरळ ते मूल थोकोच्या मांडीवर ठेवलं. "मावशी, धरा हिला जरा," म्हणून ती पिशव्या उचलायला पुन्हा खाली उतरली.

मूल झोपलेलं होतं. ते जागं झालं नाही, फक्त थोकोच्या छातीशी सरकलं. बाई पिशव्या घेऊन चढली, मागच्या बाकावर बसली आणि मूल परत मागायचीही तिला घाई नव्हती. निवांत गाठोडं सोडत होती. थोकोला राहवेना.

"काय गं, मला ओळखतेस तू? नाव नाही, गाव नाही. अशी कशी देतेस लेकरू कुणाच्याही हातात?"

बाई हसली. "काय मावशी! तुमची कुणाला भीती वाटणार?"

थोकोने मुलाच्या डोक्यावरची टोपी नीट केली.

"आज वाटली एकीला," ती म्हणाली.